वजनाचं इंजेक्शन घ्यायचंय पण सुई बघितली की पाय लटपटतात? मग हे वाचा

२०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो हे वजन उतरवायचं इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये तसंच वेगोव्ही आलं आणि तेव्हापासून पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला जा नाहीतर कोथरूडच्या कुठल्याही लग्नात जेवायला बसा, विषय तोच. कुणाचं किती उतरलं, कुणाला मळमळलं, महिन्याला किती खर्च येतो, सगळं बोलून होतं. फक्त एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिलीय, ती पर्समध्ये घडी घालून ठेवलीय आणि मेडिकलमध्ये जायचं काही होत नाहीये, कारण सुई. बोलायची लाज वाटते ना. चाळीशीचा माणूस, ऑफिसमध्ये टीम सांभाळतो, आणि सुईला घाबरतो म्हणजे काय!

तर आधी ती लाज बाजूला ठेवा. तरुण प्रौढ माणसांमध्ये ही भीती साधारण २० ते ३० टक्के लोकांना असते असं अभ्यासांत दिसलंय. आणि असणार नाही तर काय, आपल्याकडे "गप्प बस नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील" हे ऐकतच सगळे मोठे झालेत. "पोळी संपव नाहीतर सुई" असंही म्हणायच्या आया. त्या वेळी जास्त खावं म्हणून सुईचा धाक आणि आता कमी खावं म्हणून सुई, हा हिशोब त्या आयांनाच विचारायला पाहिजे. हडपसरच्या सीरममधून जगभर लशी जातात आणि आपण इकडे सुईला घाबरतो, पण त्याला इलाज नाही, भीती काही पत्ता बघून येत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण इथेच लोकांचा गोंधळ होतो. दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवायचे. पहिला, हे औषध मला लागतं का आणि चालतं का. दुसरा, सुईचं काय करायचं. सुईच्या भीतीपोटी पहिल्या प्रश्नाचं उत्तर "मला नाही लागत, मी चालायला जाईन" असं देऊन टाकणारे भरपूर आहेत, आणि उलटं पण होतं, भीती जिंकायचीच या ईर्षेला पेटून गरज नसताना टोचून घेणारे. दोन्ही चुकीचं. भीती गेली म्हणून औषध घ्यायचं नसतं आणि भीती आहे म्हणून सोडायचं पण नसतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एमडी किंवा हार्मोनवाले, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, देतील. ढोबळ नियम असा की बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ३० किंवा जास्त, नाहीतर २७ किंवा जास्त आणि सोबत शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल असलं काहीतरी. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर झालेला असेल तर हे औषध देत नाहीत (साधी थायरॉईडची गोळी चालू असणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याने घाबरू नका, फक्त सांगा). स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, प्रेग्नन्सी आहे किंवा ठरवताय का, हे पण सांगायचं. आणि एक विचाराच, बंद केल्यावर काय? बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, म्हणजे हे चार आठवड्यांचं काम नाही, आठवड्याला एक म्हणजे वर्षाला ५२ वेळा सुई. म्हणून तर दात-ओठ खाऊन एकदा उरकलं असं इथे चालत नाही, भीतीचं नीट काहीतरी करावंच लागतं. जिमच्या ट्रेनरकडून किंवा पार्लरमधून "मिळवून देतो" असं कुणी म्हणालं तर हात जोडा आणि निघा.

आता सुई.

तुमची भीती कुठल्या जातीची आहे ते आधी ओळखा. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, बाकीचं एक वेळ विसरलात तरी चालेल. कारण सुईची भीती म्हणून जे आपण म्हणतो त्यात निदान दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय जवळपास उलटे आहेत.

पहिला प्रकार म्हणजे धडधडवाला. सुई दिसली की छाती धडधडते, हात गार पडतात, घाम फुटतो, पळून जावंसं वाटतं, पण चक्कर येत नाही. बीपी वर जातं आणि वरच राहतं. या लोकांना दीर्घ श्वास, अंग सैल सोडणं, आवडीचं गाणं, हे सगळं उपयोगी पडतं. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा-सात मोजेपर्यंत हळू बाहेर. बाहेरचा लांब पाहिजे, ती खरी मेख आहे.

दुसरा प्रकार भोवळवाला, मी यातली. यात आधी थोडी धडधड होते आणि मग एकदम गाडी उतारावरून खाली, नाडी मंदावते, बीपी पडतं, कानात शिट्टी, डोळ्यांसमोर अंधारी, आणि माणूस आडवा. हे मनाचे खेळ वगैरे काही नाहीत, ही शरीराची प्रतिक्रिया आहे, रक्त किंवा सुई बघून मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी होतो. बऱ्याचदा आई किंवा वडिलांकडे पण असते, विचारून बघा घरी. या लोकांना "रिलॅक्स हो, अंग सैल सोड, डोळे मिट" म्हणणं म्हणजे आधीच पडणारं बीपी अजून पाडणं. आणि दवाखान्यात सगळे हेच म्हणतात!

भोवळवाल्यांनी अंग ताणायचं असतं. लार्स-योरान ओस्त नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ही पद्धत नीट मांडली आणि आजही हीच शिकवतात. कशी करायची सांगते. खुर्चीत बसा. हाताच्या मुठी, दंड, पोट, मांड्या, पोटऱ्या सगळं एकदम घट्ट आवळा. श्वास रोखायचा नाही, तो चालू ठेवायचा. दहा-पंधरा सेकंदात चेहरा गरम झाल्यासारखा वाटेल, तो वाटला की सोडा, पण गळून जाऊ नका, नेहमी बसतो तेवढंच सैल व्हा. वीस-तीस सेकंद थांबा, परत आवळा. असं पाच वेळा. घरी आठवडाभर रोज दोन-तीनदा सराव करा म्हणजे ऐनवेळी आठवायला लागत नाही. मग टोचायच्या आधी सुरू करायचं आणि डोकं हलकं वाटायला लागलं की परत. फक्त जिथे टोचणार ती जागा टोचताना सैल ठेवायची, म्हणजे मांडीवर घेणार असाल तर त्या क्षणी ती मांडी सैल, बाकीचं अंग घट्ट, नाहीतर दुखतं. बीपी खूप जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि भोवळवाल्यांनी पहिले काही डोस आडवं पडून किंवा रेलून घ्यावेत, नंतर दहा-पंधरा मिनिटं उठू नये, आणि पहिल्यांदा एकट्याने घरात घेऊ नये. उपाशी तर अजिबात नाही. या औषधाने भूक तशीच कमी होते, पाणी प्यायचं पण राहून जातं, त्यात बीपीची किंवा शुगरची गोळी चालू असेल तर नंतर येणारी चक्कर सुईची की औषधाची की न खाल्ल्याची हेच कळत नाही. पोटात काहीतरी आणि अंगात पाणी असू द्या. चक्कर सारखीच येत असेल तर ती भीतीवर ढकलू नका, डॉक्टरांना फोन करा.

दोन्ही प्रकार मिसळलेले पण असतात म्हणा. शेवटचं टोचलेलं आठवा. कोविडची लस सगळ्यांनी घेतली ना २०२१ मध्ये, तेव्हा काय झालं होतं? नंतरच्या अर्ध्या तासात खुर्चीत बसून थरथरत होतात की पांढरेफटक पडून सिस्टरने पाय वर करायला लावले होते? त्यावरून कळेल.

आता एक धोक्याची सूचना, जी कुणी देत नाही. हे औषध पेनसारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनमधून घेतात, लोक त्या पेनच्या सुईची तयारी करतात आणि अडकतात रक्ताच्या टेस्टला. कारण औषध सुरू करण्याआधी डॉक्टर बहुतेक वेळा तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड, लिव्हर, किडनी अशा टेस्ट सांगतात. म्हणजे तुमची पहिली गाठ पडते ती लॅबवाल्या मुलाशी, तो सकाळी सात वाजता बेल वाजवतो, तुम्ही उपाशी, झोप झालेली नाही, आणि त्याच्याकडची सुई पेनच्या सुईच्या तिपटीहून जाड आणि जाणार शिरेत. इथे हरलात तर पुढचं सगळं राहतं. म्हणून त्याला दारातच सांगा, "मला चक्कर येते, मी झोपून देणार." तो काही हसत नाही, त्याला रोज दोन-चार भेटतात असे. बारीक बटरफ्लाय सुई आहे का विचारा. ज्या हातातून रक्त घेणार तो सैल, पाय आणि दुसरा हात आवळून. पाणी प्यायलेलं चालतं उपाशी टेस्टला, दोन ग्लास प्या, शीर पण चांगली सापडते. आणि सगळ्या टेस्ट एकाच वेळी लिहून घ्या डॉक्टरांकडून, म्हणजे तीनदा टोचून घ्यायला लागणार नाही.

हे पार पडलं की पेनची सुई खरंच सोपी आहे. पण "मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त" हे मी म्हणणार नाही, कारण हे वाक्य ऐकून आजपर्यंत एकाही माणसाची भीती गेलेली नाही. त्यापेक्षा आकडे सांगते. पेनला लागणारी सुई साधारण ४ मिलिमीटर लांब असते. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी काढा आणि चार बारीक रेघा मोजा, तेवढीच. जाडी ३२ गेज, म्हणजे ०.२३ मिलिमीटर. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटं असतं, त्यामुळे ३२ ऐकून दचकू नका. रक्त घेतात ती २१ किंवा २२ गेजची. कोविडची लस स्नायूत जायची, लांब सुई लागायची, हे औषध कातडीच्या खालच्या चरबीत जातं, स्नायूत नाही, शिरेत तर नाहीच. आणि चरबी आहे म्हणूनच तर हा खटाटोप चाललाय, त्यामुळे जागेची कमी नाही!

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मोबाईलवर जे व्हिडिओ दिसतात ते बरेचसे अमेरिकेतले असतात, त्यात पेन पोटावर टेकवतात, बटण दाबतात, टक्क आवाज येतो, सुई दिसतच नाही. ते बघून लोक हुरळतात. आपल्याकडे मौंजारो आधी छोट्या बाटलीत आलं, म्हणजे सिरिंजने ओढून घ्यायचं, मग त्याचं पेन आलं, वेगोव्ही पहिल्यापासून पेनमध्येच आहे, पण ही पेनं अशी की सुई दर वेळी आपण वर बसवायची, टोपण काढायचं आणि स्वतः टोचायचं. सुई दिसते. घरी येऊन खोका उघडल्यावर हे कळण्यापेक्षा आधीच माहीत असलेलं बरं. तुम्हाला सुई दिसण्याचीच मोठी अडचण असेल तर दोन मार्ग, एक म्हणजे टोचताना सुई आत झाकलेली राहते अशा पेन-निडल मिळतात का ते मेडिकलवाल्याला विचारा, आणि दुसरा, दुसऱ्या कुणाकडून घ्या. बाटली आणि पेन यात निवड असेल तर घाबरट माणसाने पेनच घ्यावं असं माझं मत, बाटलीतून सिरिंजमध्ये औषध ओढणं, बुडबुडे काढणं, माप बघणं यात सुईकडे टक लावून बघण्याचा वेळ फार जातो आणि हात थरथरत असतील तर माप चुकायची भीती वेगळीच.

मग प्रत्यक्ष भीती उतरवायची कशी? पायऱ्या-पायऱ्यांनी. सिंहगड चढताना आपण वर बघत नाही, समोरची पायरी बघतो, तसंच. डॉक्टरांनी "सुरू करा" म्हटल्यावर लगेच त्या संध्याकाळी टोचलं पाहिजे असं काही नाही, दोन आठवडे मागून घ्या, वजन इतकी वर्षं थांबलंय, अजून पंधरा दिवस थांबेल.

एका कागदावर तुम्हाला काय-काय भीतीदायक वाटतं ते कमीकडून जास्तीकडे लिहा आणि प्रत्येकाला शून्य ते दहा मार्क द्या. माणसागणिक हे वेगळं येतं. कुणाला सुईचा फोटो दोन आणि स्पिरिटचा वास सहा, कुणाला उलटं. साधारण क्रम असा लागतो की आधी फोटो बघणं, मग कुणी तरी पोटात इंजेक्शन घेतानाचा व्हिडिओ आवाज बंद करून, मग आवाजासकट, मग टोपण लावलेली सुई टेबलावर ठेवून समोर चहा पिणं, मग ती हातात घेणं, टोपण काढून बघणं, पेनवर बसवणं आणि काढणं, टोपणासकट पोटाला टेकवणं. पेन-निडल सुट्या मिळतात का विचारा, म्हणजे महागाचं औषध आणण्याआधीच सराव होतो. मोसंबीत टोचून बघा, हे नर्सिंगच्या मुलींना पण शिकवताना करतात, साल किती सहज भेदली जाते ते हाताला कळतं आणि हाताला कळलं की डोक्याला पण हळूहळू कळतं. ती मोसंबी आणि ती सुई नंतर वापरायची नाही, सांगायला नको पण सांगते.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर तुम्ही नशीबवान. आमच्याकडे सासरे घेतात, जेवायच्या आधी टीव्हीवरच्या बातम्यांवरची नजर न काढता शर्ट वर करतात, टोचतात, आणि "भाकरी वाढा" म्हणतात. त्यांच्याशेजारी रोज नुसतं बसणं हे दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कामाचं आहे. फक्त त्यांचं पेन किंवा सुई वापरायची नाही, पेन एकाचं ते एकाचंच, सुई बदलली तरी.

प्रत्येक पायरीवर किती वेळ थांबायचं, तर सुरुवातीला भीती सहा असेल तर ती तीनवर येईपर्यंत. येते, हो, येते, पाच मिनिटं लागतात कधी वीस लागतात, पण शरीराला इतका वेळ पूर्ण जोरात घाबरून राहणं जमत नाही, ते थकतं. कळीचा मुद्दा हा की भीती वर असताना उठून जायचं नाही. वर असताना पळालात तर डोकं शिकतं की "पळालो म्हणून वाचलो" आणि पुढच्या वेळी अजून मोठी घंटा वाजवतं. खाली आल्यावर उठलात तर शिकतं की काही झालं नाही. पायरी जड गेली तर मधली अर्धी पायरी शोधा. भोवळवाले असाल तर या सगळ्या पायऱ्या ते आवळण्याचं तंत्र करत-करतच चढायच्या. आणि घरच्यांनी कृपा करून मस्करीत सुई घेऊन मागे धावू नये, एका मिनिटात आठवड्याची मेहनत जाते.

दुखण्याची भीती जास्त असेल तर त्याला सरळ उपाय आहेत आणि ते वापरायला काही कमीपणा नाही. फ्रिजमधून काढलेलं गार औषध जास्त झोंबतं, अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. स्पिरिटने पुसलं तर ते पूर्ण सुकू द्या, ओल्या स्पिरिटवर टोचलं की जी आग होते ना, अर्धी बदनामी तिचीच आहे. बर्फ रुमालात गुंडाळून मिनिटभर लावा, मग कोरडं करा. बधिर करणारी क्रीम पण मिळते, लिग्नोकेन आणि प्रिलोकेनची, पण ती तासभर आधी लावून वर झाकून ठेवायला लागते, डॉक्टरांना विचारून घ्या. दर वेळी नवी सुई, कारण एकदा वापरलेली बोथट होते आणि दुखते, वर जंतूंचा धोका. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

पहिल्या डोसचं ठिकाण हे बहुतेकांसाठी क्लिनिकच बरं. सिस्टरला म्हणा, "पहिला तुम्ही द्या, दुसरा तुमच्यासमोर मी घेईन." स्वतः टोचणं सोपं की दुसऱ्याने टोचणं सोपं याचं एकच उत्तर नाही. ज्यांना ताबा सुटण्याची भीती असते त्यांना स्वतः घेणं आश्चर्य वाटेल इतकं सोपं जातं, कारण कधी टोचायचं ते आपल्या हातात. ज्यांना बघवतच नाही त्यांनी नवऱ्याला, बायकोला, वहिनीला शिकवावं. नवऱ्याने पण तोंड वाकडं करायचं नाही, आठवड्यातून एक मिनिटाचं काम आहे.

घरी घेताना क्रम असा. हात धुवा. औषधाचं नाव, डोस, तारीख बघा, पाण्यासारखं स्वच्छ दिसतंय ना बघा. जागा निवडा, पोट (बेंबीपासून ५ सेंटीमीटर सोडून) किंवा मांडीचा पुढचा भाग, दंडावर दुसऱ्या कुणी द्यावं. दर आठवड्याला जागा थोडी बदलायची. घाबरणाऱ्यांनी मांडी घेतली तर बसल्या बसल्या होतं आणि पोटाबद्दल जी एक वेगळीच किळस असते काहींना ती टाळता येते. सुई बसवा, त्या पेनच्या माहितीपत्रकात लिहिलंय तसं थेंब काढून बघा, डोस फिरवा. मग सरळ, एका हालचालीत आत. हळूहळू घालायची नाही, हळूहळू घातली की कातडीला जास्त कळतं. घालताना एकदा खोका, खरंच, लहानसा खोकला, लक्ष तिकडे जातं. बटण पूर्ण दाबा आणि दाबून धरूनच पाच-सहा आकडे सावकाश मोजा (पत्रकात असेल तेवढे), मग बाहेर. टोकावर औषधाचा एखादा थेंब दिसेल, कातडीवर रक्ताचा ठिपका येईल, कापूस धरा, चोळू नका. उद्या छोटा काळानिळा डाग पडला तर पडला.

टोचायचं त्या दिवसाची धास्ती ही सुईपेक्षा मोठी असते, हे आठवड्यातून एकदाच्या औषधाचं दुखणं आहे, रोज इन्सुलिन घेणाऱ्याला हा त्रास होत नाही कारण त्याला घाबरायला वेळच मिळत नाही. म्हणून रात्री जेवणानंतर असं ठेवू नका, दिवसभर डोक्यात भुंगा राहतो. सकाळी नाश्ता झाला की उरका. जेवणाआधी की नंतर याने औषधाला फरक पडत नाही, वार मात्र एकच ठेवा. मळमळ बऱ्याच जणांना पुढचे एक-दोन दिवस असते, त्यामुळे शुक्रवारी घेऊन शनिवारी मिसळ खायला जायचा बेत करू नका. वार बदलायचाच झाला तर दोन डोसांत किमान अंतर ठेवावं लागतं, मौंजारोला ३ दिवस, वेगोव्हीला त्याच्या पत्रकात असेल तेवढं, पण डॉक्टरांना सांगून. डोस चार-चार आठवड्यांनी वाढवत नेतात (मौंजारो २.५ मिलिग्रॅमपासून, वेगोव्ही ०.२५ पासून), सुई मात्र तीच राहते, डोस वाढला म्हणून सुई मोठी होत नाही, हा प्रश्न लोक विचारतात म्हणून लिहिलं.

दारू पिऊन धीर आणू नका. शेजारणीची झोपेची गोळी पण नको.

मेडिकलमधून आणताना पक्कं बिल घ्या आणि बर्फाच्या पिशवीत आणा. हे औषध २ ते ८ अंशात ठेवायचं असतं. लक्ष्मी रोडवरून घेतलं, ॲक्टिव्हाच्या डिकीत टाकलं आणि मग तुळशीबागेत दोन तास, एप्रिल-मेमध्ये असं केलंत तर डिकीत औषधाचं काय होतं विचारू नका. घरी फ्रिजच्या दारात नको, फ्रीझरमध्ये तर मुळीच नको, गोठलं तर फेकून द्यावं लागतं.

आणि एवढं सगळं करून पण जमत नसेल तर? काही जणांची भीती इतकी घट्ट असते की कागद आणि मोसंबी पुरत नाही, लहानपणी हॉस्पिटलमध्ये काही वाईट झालेलं असतं. मग मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. या विशिष्ट भीतीवर त्यांच्याकडे चांगला उपचार आहे आणि तो वर्षानुवर्षं चालणारा नसतो, हेच पायऱ्यांचं काम ते सोबत बसून करून घेतात. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ही भीती घालवण्याचा फायदा फक्त वजनापुरता नाहीये, उद्या दाढ काढायची वेळ आली, ऑपरेशन आलं, आईला रक्त द्यायचं आलं, तेव्हा पण हीच भीती आडवी येणार आहे.

आणि तरीही नकोच असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, "सुई सोडून काय आहे?" सेमाग्लुटाईडची, म्हणजे वेगोव्हीत असतं त्याच औषधाची गोळी आपल्याकडे रायबेल्सस नावाने २०२२ पासून मिळते, ती टाईप २ डायबेटिससाठी आहे, सकाळी उपाशीपोटी घोटभर पाण्यासोबत घेऊन अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. तुम्हाला ती योग्य का हे डॉक्टर ठरवतील. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या पण आहेत. सांगायला लाजून अपॉइंटमेंटच टाळत राहणं हे सगळ्यात वाईट.

राहता राहिली वापरलेली सुई. पुण्यात आपला कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारोदार येऊन घेतात आणि हाताने वेगळा करतात. तुमची ४ मिलिमीटरची सुई ज्या पिशवीत जाईल त्या पिशवीत त्यांचा हात जाणार आहे, आणि तुम्हाला स्वतःच्या सुईची इतकी भीती वाटत होती तर परक्याच्या वापरलेल्या सुईची त्यांना किती वाटेल. नियमानुसार पण घरातल्या सुया हा वेगळा ठेवायचा कचरा आहे, ओल्या-सुक्यात टाकायचा नाही. जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी घ्या, डिटर्जंटची रिकामी बाटली पण चालते, टोचून झालं की सुई पेनवरून काढून थेट तिच्यात टाका, आतलं छोटं टोपण परत लावायच्या नादात बोटाला टोचून घेऊ नका. बरणीवर मार्करने मोठ्या अक्षरात "सुया" लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून तुमच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये किंवा लॅबमध्ये विचारून द्या, त्यांच्याकडे हा कचरा उचलायला वेगळी गाडी येते. औषध लिहून घेतानाच विचारून ठेवा की तुम्ही सुया परत घेता का, नाही म्हणाले तर कोण घेतं ते त्यांनाच शोधून द्यायला सांगा.